खंडेनवमीचं मशीन

दसरा आला की सातपूरच्या रस्त्याकडेला झेंडूचे ढीग लागतात. मखमलाबादकडचे मळेवाले टेम्पोतून पोती आणतात, ताडपत्रीवर ओततात, आणि त्यांच्या बायका तिथंच बसकण मारून माळा ओवायला घेतात. त्या वासानं लोकांना सण आठवतो. मला मारामारी आठवते. खोटं कशाला सांगू? झेंडू, मशीनचं तेल आणि रक्त हे तीन वास माझ्या नाकात असे एकत्र बसलेत की एक आला की बाकीचे दोन मागोमाग येतातच.

यंदा खंडेनवमीला मी नेहमीसारखी जुन्या कॉम्प्युटरला माळ घालत होते. तो कपाटाच्या वर असतो. कधीच बंद पडलाय, पत्रा पिवळा झालाय. माझी मुलगी म्हणाली, "आई, पूजाच करायची तर लॅपटॉपची कर ना. हे भंगार कशाला ठेवलंयस?" मी तिच्याकडे असं काही पाहिलं की ती मागं सरली. माझा राग आमच्या घरातला आहे, बाहेरून आणलेला नाही. माझ्या वडिलांचा, आप्पांचा.

तेव्हा आम्ही सातपूरला, कारखान्यांच्या पाठीला लागूनच राहत होतो. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. घरात आई, आप्पा आणि मी. दिवसभर पॉवर प्रेसचा आवाज यायचा. कानानं ऐकायच्या आधी तो तळपायाला कळायचा. धाड्. फळीवरची पातेली थरथरायची. पुन्हा धाड्. वरून लोखंडी डोकं खाली येतं, खाली साचा असतो, त्याला डाय म्हणतात, आणि मध्ये पत्रा. एका फटक्यात पत्रा कापला जातो, दुसऱ्या फटक्यात वाकतो. पत्रा कोणता आणि बोट कोणतं हे प्रेसला कळत नाही. आप्पा सिन्नरकडचं गाव सोडून आले ते थेट असल्या प्रेससमोर उभे राहिले, आणि माझ्या जन्माच्या आधीपासून तिथंच उभे होते.

श्रावणात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

निवृत्तीकाका शेजारच्या प्रेसवर होते. आप्पांचे जिवाभावाचे मित्र. त्यांनी ती बोटं रुमालात बांधून दवाखान्यात आणली. डॉक्टरांनी रुमाल उघडून पाहिला आणि पुन्हा बांधून ठेवला. मी तिथंच उभी होते. तो रुमाल निळ्या चौकड्यांचा होता. आजही कुणाच्या खिशात तसला रुमाल दिसला की मी तोंड फिरवते.

आप्पांचं म्हणणं एकच. "कोंबडं दिलं नाय, म्हणून मशीननं माझं घेतलं." त्यांच्या कारखान्यात जुना रिवाज होता. नवीन प्रेस बसली की तिच्यापुढं कोंबडं कापायचं आणि रक्ताचा टिळा लावायचा. मशीनला एकदा रक्त दाखवलं की ते पुन्हा मागत नाही. पुढं शेठचा मुलगा शिकून आला. त्यानं नारळावर भागवलं. आप्पांची आत्ताची प्रेस त्याच्या काळातली, नारळाची.

खरी गोष्ट मला निवृत्तीकाकांनी दवाखान्याच्या जिन्यात सांगितली होती. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच फटका पडतो. म्हणजे फटका पडताना दोन्ही हात बाहेरच. पण कामाचे पैसे नगावर मिळायचे. मग लोक काय करायचे? सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापायची आणि एक बटण कायमचं दाबून बांधून टाकायचं. एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पत्रा. काम दुप्पट. "सगळेच बांधतात, मने," काका म्हणाले. "तुझ्या आप्पानंबी बांधलं व्हतं. तू मात्र बोलू नको." मी बोलले नाही. ते न बोललेलं माझ्या पोटात दोन महिने कढत राहिलं.

बोटं गेल्यावर आप्पा घरी बसले, आणि राग काढायला समोर प्रेसही उरली नाही. मग ताटं उडू लागली. भाजीत मीठ कमी, ताट भिंतीवर. दार जोरात लागलं, पाण्याचा तांब्या दाराच्या मागं. आई जेवणाची ताटं स्टीलची आहेत म्हणून देवाचे आभार मानायची. मीही काही गरीब गाय नव्हते. एकदा त्यांनी ताट फेकलं, मी दुसरं फेकलं. दोन्ही जमिनीवर गोल फिरत राहिली आणि आम्ही बापलेक एकमेकांकडं बघत उभे. आई मध्येच म्हणाली, "आता परातबी फेका, म्हणजे घासायला सगळं एकदाच निघंल."

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीला ऑफिसात माणूस हवा होता. एकच फोनलाइन, टेबलं चार, आणि हंगामात ई-मेल अडली की माल बंदरावर पडून राहणार. त्यांचं आधीचं मशीन दिवसातून तीनदा मान टाकायचं. मी साहेबांना म्हटलं, विंडोजऐवजी लिनक्सवर असं मशीन करून देते की एका फोनवर चारही टेबलांची ई-मेल चालेल. त्यांनी लिनक्स हा शब्द कधी ऐकला नव्हता. ते म्हणाले, "दसरा झाला की मशीन घेऊन ये. चाललं तर नोकरी तुझी."

आणि आप्पांच्या शेठनंही निरोप धाडला होता, दसरा झाला की कामावर या. त्याच प्रेसवर.

माझ्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. माझं मशीन आधी चाललं पाहिजे. नाहीतर आप्पांचा उरलेला हात पुन्हा त्या लोखंडाखाली जाणार. आप्पांना हे पटत नव्हतं. "पोरीच्या जिवावर खाऊ का मी?" ते म्हणायचे. पण कॉम्प्युटरला पैसे त्यांनीच दिले, बोटांच्या बदल्यात मिळालेल्यातले. पाकीट माझ्यापुढं आपटलं आणि म्हणाले, "बोटं तर गेली. त्यातून काहीतरी हातात येऊ दे."

लिनक्सचं मशीन जोडणं म्हणजे आधी चौकशी, मग खरेदी. दुकानदार ज्याला नवंकोरं आणि भारी म्हणतो ते हमखास चालत नाही. लिनक्स लिहिणारे लोक जगभर विखुरलेले, आपापल्या फावल्या वेळात लिहिणारे. पेटीत बसवायच्या ज्या कार्डाची त्यांना ओळख झाली तेच ते चालवणार. म्हणून बाजारात दोनेक वर्षं मुरलेलं कार्ड घ्यायचं. नावावर जायचं नाही. खोक्यावर एक नाव आणि आत चिप भलत्याचीच, असा सगळा मामला. आठवडाभर मी चिपांची नावं पाठ करत हिंडले. आई म्हणाली, "तुझ्या मावशीच्या स्थळाचीबी एवढी चौकशी नव्हती केली." मावशीचा संसार कसा झाला ते आम्हाला ठाऊक होतं, म्हणून मी म्हटलं, "तेच तर."

सगळ्यात नाठाळ चीज मोडेम, फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारं. तेव्हा दुकानात मिळायची ती पेटीच्या आत बसणारी स्वस्त मोडेमं अर्धवट असायची. अर्धं काम कार्ड करायचं आणि अर्धं विंडोजच्या गळ्यात. लिनक्सपुढं ठेवली की ती नुसता पत्रा. मला बाहेरचं, स्वतःच्या जिवावर चालणारं, पुढं लाल दिवे लागणारं मोडेम हवं होतं. मेन रोडच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात गेले. आप्पा बरोबर आले होते, हाताला अजून पट्टी. दुकानदारानं एक खोकं पुढं सरकवलं. "मॅडम, सगळ्यात चालतं." मी म्हटलं, उघडून दाखवा. तो म्हणाला, "सील फोडलं की घ्यावं लागतं." मी म्हटलं, न बघता घेत नाही. तो हसला आणि मला सोडून आप्पांशी बोलायला लागला. "काका, लेडीज लोकांना यातलं काही कळत नाही. तुम्ही घेऊन जा. पैसे माझ्या जबाबदारीवर."

आप्पांनी काउंटरवरून हात घालून त्याची कॉलर धरली. तीन बोटांचा हात, पण प्रेसवर घडलेला. दुकानदाराची हनुवटी काचेला टेकली. "माझ्या बोटांचे पैसे हायेत हे," आप्पा म्हणाले. "प्रेसला दुसरीच डाय लावली की काय हुतं ठाऊक हाय का तुला? एक तर डाय फुटती, नाय तर हात जातो. पोरगी म्हणती ते दाखव." मागच्या फळीवरून खोकी कोसळली. दुकानातला पोऱ्या बाहेर पळाला. मी आप्पांना आवरायला हवं होतं. आवरलं नाही. मला फार बरं वाटत होतं, आणि ते वाटलं याची मला आजही लाज नाही. सील फुटलं. आत तेच अर्धवट कार्ड निघालं. मग मागच्या खोलीतून बाहेरचं मोडेम आलं, लाल दिव्यांचं, थोडं जुनं, मला हवं होतं तेच.

घटस्थापनेनंतरचे दिवस मी त्या पत्र्याच्या पेटीपुढं काढले. आश्विनातलं ऊन सिमेंटच्या पत्र्यावर पडायचं आणि खोली भट्टी व्हायची. वीज मनात येईल तेव्हा जायची. मशीन सुरू व्हायचं, पडद्यावर अक्षरं धो धो वाहायची आणि मध्येच सगळं गोठायचं. मी कळफलकावर मुठी आपटल्या. मॉनिटरला चापट मारली. पेटीला लाथ मारली तर तिच्याऐवजी पायाचं नख गेलं. एकेक भाग काढून पाहिला, पुन्हा लावला. प्रत्येक भाग एकटा असला की गुणाचा. शेवटी लक्षात आलं, मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, वेगवेगळ्या जातीच्या. दोन्ही चांगल्या, पण एका पेटीत नांदत नव्हत्या. तशी आमच्या घरात आणखीही एक जोडी होती.

खंडेनवमीला सकाळी आप्पा कोंबडं घेऊन आले. तांबडं, तुऱ्याचं, पाय बांधलेलं. त्यांनी ते मोरीजवळ ठेवलं आणि सुरा पाट्यावर घासायला घेतला. घरात अवजारांची पूजा मांडली होती. विळी, कोयता, माझा स्क्रूड्रायव्हर, आणि मध्ये कॉम्प्युटरची उघडी पेटी.

"हे काय?" मी म्हटलं.

"नवीन मशीन हाय. रक्त दाखवल्याबगर या घरात चालू व्हायचं नाय."

"माझ्या मशीनला रक्ताचा थेंब लागू देणार नाही मी."

"मने, एकदा ऐकलं नाय त्यांनी. बघितलंस ना काय झालं? तुझा हात जायचाय त्या मशीनवर रोज."

हे ते कोणत्या पोटतिडकीनं म्हणत होते ते आज कळतं. तेव्हा मला फक्त सुऱ्याचा करकर आवाज ऐकू येत होता. दोन महिने कढत असलेलं उतू गेलं. "कोंबड्यानं नाही गेली तुमची बोटं!" मी ओरडले. "बटण बांधलं म्हणून गेली! रबरानं! तुमच्या हातानं!"

त्यांनी माझ्या मुस्काटात मारली. उजव्या हाताची, पाची बोटांची. माझं डोकं दारावर आपटलं आणि कानात शिट्टी वाजायला लागली. कोंबडं फडफडलं. आई "अहो!" म्हणून किंचाळली. मी रडले नाही. मी पेटीकडं वळले, हात आत घातला आणि ती नको असलेली मेमरीची पट्टी उपटून काढली. ती निघाली ती झटक्यानं, आणि माझा हात मागं येताना पेटीच्या कडेवर फिरला.

स्वस्तातल्या पेट्यांच्या कडा तेव्हा वस्तऱ्यासारख्या असायच्या. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कातडं उघडलं. रक्त आधी आलंच नाही, मग एकदम आलं. पेटीच्या तळाच्या पत्र्यावर टपटप पडलं. वायर काढलेली होती आणि चिपांचा बोर्ड पेटीच्या बाजूच्या पत्र्याला उभा जडलेला होता, म्हणून वाचला. तेवढ्यातही मी आधी बोर्डच पाहिला.

"घ्या," मी म्हटलं. "दाखवलं रक्त."

आप्पा सुरा टाकून धावले. त्यांनी डोक्याचा टॉवेल काढून माझा हात करकचून बांधला. मग ते कानस घेऊन आले आणि पेटीच्या कडेवर घासायला लागले. मी पुन्हा ओरडले, "कीस पडेल बोर्डावर! शॉर्ट होईल!" ते थांबले. कानस खाली ठेवली. कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"बर काढलेलीच नाय," ते म्हणाले. कापलेल्या पत्र्याला जी धार राहते तिला ते बर म्हणायचे. "प्रेसवरनं निघाला तसाच उचलला. कोण काढील? नगावर काम." कानस बाजूला सारत म्हणाले, "असला पत्रा मीबी काढलाय. लय काढलाय." आणि मग, माझ्याकडं न बघता, "बटण मीच बांधलं व्हतं, मने."

आई मोरीजवळ उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं होतं, हे कधीतरी त्यांच्या तोंडून निघालं तर मी जिंकेन. तसं काहीच झालं नाही. माझा गाल जळत होता, हात ठणकत होता आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

ते उठले, अंगात सदरा घातला, आणि सुरा उचलून बाहेर पडले.

"मने, जा गं मागं," आई म्हणाली. "सुरा घेऊन गेलेत."

मी पळाले. कारखान्यात त्या दिवशी मशीनपूजा असायची. सगळ्या प्रेस बंद, प्रत्येकीला झेंडूची माळ, उदबत्तीचा धूर, सगळे कामगार नव्या कपड्यांत. इतक्या वर्षांत मी ती शेड गप्प कधी पाहिली नव्हती. मला वाटलं होतं, आप्पा शेठच्या मुलाच्या अंगावर जातील. ते पहिल्या प्रेसपाशी गेले, माळ बाजूला सारली आणि सुऱ्यानं बटणावरची रबरी पट्टी कापली. मग दुसरी. मग तिसरी. कापलेली पट्टी खिशात घालायची आणि पुढं जायचं. चौथ्या प्रेसपाशी लोकांच्या लक्षात आलं.

"आप्पा, काय करून राहिला? आमच्या पोटावर पाय देतो का?"

"पोटावर नाय," आप्पा म्हणाले. "हात बाहेर काढतोय तुमचा."

कुणीतरी त्यांना मागून धरलं. कुणीतरी तोंडावर ठोसा मारला. सुरा पडला, त्यावर निवृत्तीकाकांनी पाय ठेवला. आप्पा उरलेल्या पट्ट्या हातानं ओढायला लागले, दातानं ओढायला लागले. बुक्के पडत होते आणि ते ओढत होते. झेंडूच्या माळा तुटून पायाखाली आल्या. मी मध्ये घुसले आणि आरतीचं ताट उचलून समोरच्या टाळक्यात हाणलं. ते टाळकं कुणाचं होतं मला अजून माहीत नाही. कुंकू सगळ्यांच्या अंगावर उडालं, त्यामुळे कुणाचं किती फुटलंय ते कळेना. शेठचा मुलगा हातात नारळ घेऊन उभा होता. तो एवढंच म्हणाला, "उद्यापासून येऊ नका. तुम्हाला आता या एरियात कुणी घेणार नाही."

"म्हाईत हाय," आप्पा म्हणाले. त्यांचा ओठ फाटला होता. "म्हणूनच आलतो."

घरी येताना रस्त्यातले लोक दसऱ्याची फुलं घ्यायची सोडून आमच्याकडं बघत होते.

मी तळाचा पत्रा पुसला, मेमरीची एकच पट्टी ठेवली आणि वायर जोडली. पडद्याच्या कोपऱ्यात लिनक्सचा तो छोटा पेंग्विन आला. "हे बदक कशाला?" आप्पांनी फुगलेल्या तोंडानं विचारलं. अक्षरं वाहायला लागली. या वेळी गोठली नाहीत. मोडेमला फोनची तार लावली, त्याचे लाल दिवे एकामागोमाग लागले, ते घरघरलं, किंचाळलं आणि गप्प झालं. जोडणी झाली होती. मी मान हलवली. आप्पांनी ती पाहिली आणि डोळे पुसले. ओठाला कापूस लावतोय असं दाखवत पुसले, पण पुसले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते मशीन रिक्षातून मांडीवर घेऊन गेले. नोकरी लागली. पुढं कंपनीनं नवी मशीनं घेतली तेव्हा हे मी मागून घरी आणलं. कोंबड्याचं म्हणाल तर आईनं त्याचा रस्सा केला. ती म्हणाली, बळी चुकला म्हणून जेवण चुकवायचं असं कुठं सांगितलंय? आप्पा पुढं कधी प्रेससमोर उभे राहिले नाहीत. त्यांचा राग शेवटपर्यंत तसाच होता, ताटंही अधूनमधून उडाली. निवृत्तीकाका सांगायचे, कारखान्यात महिनाभरात पुन्हा रबरं बांधली गेली. सगळ्या नाही, पण बऱ्याच बटणांना.

यंदा मी मुलीला सगळं सांगितलं नाही. स्टूलावर चढून ती पेटी खाली काढली आणि तिचं झाकण उघडलं. त्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी खिशातून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या काढल्या होत्या. एकेक पट्टी मधोमध चिरली होती आणि तीन बोटांनी दाबत दाबत पेटीच्या प्रत्येक कडेवर बसवली होती. रबर आता कडक झालंय, पण एकही निसटलेलं नाही.

"घाल हात," मी मुलीला म्हटलं. "लागत नाही."